आरवणारा कोणताही पक्षी

मार्लीस हुडाक माझ्या स्वयंपाकघरात कधी बसली नाही. आमचा शेजार जुना. मागच्या दाराने येते, चहा उभ्याने घेते, कप हातात धरून खिडकीशी जाते, तिथून फ्रीजशी, फ्रीजवरची वाकडी चित्रं सरळ करते आणि बोलता बोलता उरलेला चहा सिंकमध्ये ओतून मोकळी होते. "बस गं दोन मिनिटं," मी म्हणते. "बसते," ती म्हणते, आणि तोवर पायरी उतरलेली असते. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलेली बाई. तिने जन्मभर शाळेची बस चालवली. बसून राहणं हे तिच्या लेखी काम, आणि काम संपलं की माणसाने उठायचं.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी अॅरिझोनात. बसची नोकरी सुटली तेव्हा मला तिची धास्तीच वाटली. एका उन्हाळ्यात तिने कुंपण दोनदा रंगवलं. एकदा पांढरं, मग आवडलं नाही म्हणून परत पांढरं, पण वेगळं पांढरं. मी हात टेकले. आणि मग ईस्टरच्या आठवड्यात ती पशुखाद्याच्या दुकानात गवताचं बी आणायला गेली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात तीन पिल्लं घेऊन आली.

पेपर, डंपलिंग आणि जुडिथ. जुडिथ काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची, अंगाने थोराड. बस डेपोत मार्लीसची एक वरिष्ठ होती, जुडिथ नावाची, तिने हिला आयुष्यभर धारेवर धरलं होतं. "आता ही जुडिथ माझ्या हातून दाणे खाणार आणि माझं ऐकणार," मार्लीस म्हणाली. दाणे खाल्ले. ऐकलं मात्र कधी नाही. उलट पेपर, डंपलिंग आणि मार्लीस, तिघी जुडिथचं ऐकायच्या.

पण एक गोष्ट झाली. खुराड्यासमोर मार्लीसने एक बादली उपडी घातली होती. संध्याकाळी ती त्या बादलीवर बसायची, जुडिथ तिच्या मांडीवर चढायची, आणि अंधार पडेपर्यंत दोघी तशाच. माझ्या खिडकीतून मला दिसायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं हिला बरं नाही की काय, म्हणून मी धावत गेले. "काय झालं?" "काही नाही," ती म्हणाली. "हळू बोल, ती डोळे मिटतेय."

पुढच्या वर्षी वसंतात नोटीस आली. आमच्या हॉलोवे पार्क गावच्या नियमांत कोंबडी ही गाय, डुक्कर आणि घोड्याच्या रांगेत बसवलेली. वस्तीत पाळायची नाही. तक्रार कोणी केली ते शोधावं लागलं नाही. पलीकडचा डेल स्ट्रॉक, निवृत्त पोस्टमन, स्वतःच कुंपणापाशी येऊन म्हणाला, "मार्लीस, मी केली. मागून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं." मला इतका राग आला की मी तीन दिवस त्याच्या हात हलवण्याला उत्तर दिलं नाही. मार्लीस म्हणाली, "निदान तोंडावर सांगतो तरी."

नोटीस घेऊन आलेला इन्स्पेक्टर भला होता. म्हणाला, कौन्सिलपुढे नियम बदलायचा अर्ज टाका, निकाल लागेपर्यंत कोंबड्या राहू दे. नियम बदलला तर राहतील, नाही बदलला तर जातील. म्हणजे जुडिथ राहणार की जाणार ते आता सात माणसांच्या हातात. मार्लीसने त्याच दुपारी बूट घातले आणि पाठिंबा मागत दारोदार निघाली.

मलाही ओढलं. "तू येच," म्हणाली. "तू अंडंसुद्धा खात नाहीस. तुझा ह्यात काही स्वार्थ नाही हे लोकांना दिसलं पाहिजे."

"मग दारात उभी राहून सांगू काय?"

"काही नको. नुसती मान हलव."

तेव्हा मी मान हलवत हिंडले. आणि मला कळलं की ही बाई ह्या कामासाठी किती वर्षं तयारी करत होती, स्वतःला न कळता. गावातलं प्रत्येक दार तिला ठाऊक होतं. "हे लाल दार, इथला केव्हिन पुलावर आला की ओकायचा. हे पोर्चवाले, दोघी जुळ्या, रोज एक मोजा विसरायच्या." दार उघडायचं, आत चाळिशीचा दाढीवाला गडी, आणि मार्लीसला बघून त्याचा चेहरा आठ वर्षांचा व्हायचा. तो बिचारा नाही म्हणणार कुठून? कोंबडीशी त्याला काही देणंघेणं नसायचं, पण मिस मार्लीसने कधी थंडीत त्याच्यासाठी बस थांबवलेली असायची.

उन्हाळाभर हे चाललं. अंगणांत पाट्या लागल्या: कोंबड्या हव्यात, कोंबडा नको. चर्चच्या तळघरात बैठका व्हायच्या, प्रत्येकीने काहीतरी करून आणायचं, बहुतेक झुकिनीचा ब्रेडच, कारण ऑगस्टात इकडे झुकिनीचं काय करायचं हा सगळ्यांचाच प्रश्न असतो. मार्लीस तिथेही उभी. खुर्च्या मांडायची, आवरायची, मध्येच पुन्हा मांडायची. तिचा जीव टांगणीला लागलेला होता आणि तो लपत नव्हता. भाषणही कागदावरून वाचायची, ओळीखाली बोट ठेवून.

जाहीर सुनावणीला सभागृह भरलं. आमच्याकडे कौन्सिलपुढे बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं, मग दिवा लाल होतो. डेल उठला. नीट इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

"कोंबडी नको असं माझं म्हणणं नाही," तो म्हणाला. "मी आयुष्यभर पहाटे उठून टपाल वाटलं. आता मला झोप हवी. तुम्ही म्हणता कोंबडा नको. पण दुकानदार कोंबडी म्हणून पिल्लू देतो आणि सहा महिन्यांनी ते बांग देतं. मालक म्हणेल, मी कोंबडीच विकत घेतली होती. मग इन्स्पेक्टर काय करणार, शेपटी उचलून बघणार?"

लोक हसले. पण हसून झाल्यावर एक शांतता पसरली आणि ती आमच्या बाजूची नव्हती. रे बेनडिक नावाचा एक सभासद, ज्याच्या एका मतावर सगळं अडलं होतं, तो हनुवटी खाजवायला लागला.

मार्लीस माईकपाशी गेली. हातातला कागद तिने घडी करून खिशात टाकला. माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण कागदाशिवायची मार्लीस म्हणजे ब्रेकशिवायची बस.

"डेल बरोबर बोलतोय," ती म्हणाली. "मग असं लिहा. कोंबडी असो, कोंबडा असो, मोर असो. जो आरवेल तो जाईल. काय म्हणून विकत घेतला ते विचारूच नका. आरवला की गेला. माझ्याकडचा असला तर सगळ्यात आधी."

टाळ्या पडल्या. रे बेनडिकने हनुवटी सोडली. "ह्याला मी मत देऊ शकतो," तो म्हणाला. आणि मसुद्यात वाक्य आलं: आरवणारा कोणताही पक्षी पाळता येणार नाही.

इथे कुठलाही नियम तीन वेळा वाचला जातो, तीन वेगवेगळ्या बैठकांत, मग पक्का होतो. पहिलं वाचन पार पडलं. दुसरंही. झाडांची पानं गळायला लागली होती आणि मार्लीस जरा जेवायला लागली होती. कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईने तर नवऱ्याच्या मागे लागून खुराडं बांधूनही घेतलं, आत पडदे लावले.

मग एका सकाळी मी कणीक मळत असताना बाहेर एक आवाज झाला. गंजलेल्या फाटकाला कोणीतरी रागाने ढकलावं तसा. थांबला, पुन्हा झाला, आणि दुसऱ्या वेळी शेवटी त्याला वर एक वळण होतं. मी पिठाच्या हातांनीच बाहेर गेले. मार्लीस झोपायच्या कपड्यांत खुराड्यापुढे उभी, हात तोंडावर.

"टीव्ही लावलायस का?" मी विचारलं.

"नीला," ती म्हणाली, "ती जुडिथ होती."

जुडिथ खुराड्याच्या छपरावर उभी होती. आमच्याकडे एक डोळा करून बघितलं, मान ताणली आणि तिसऱ्यांदा आरवली. ह्या खेपेला तर चांगलंच जमलं.

"कोंबडी कशी आरवेल?"

"आरवते. क्वचित. कळपात नर नसला की एखादी दांडगी कोंबडी ते काम अंगावर घेते. अंडी बंद करते, पहारा करते, बांग देते. हिने गेले काही आठवडे अंडं घातलेलं नाही. मला वाटलं पिसं गळतायत म्हणून असेल."

"पण मग ती कोंबडीच ना? आपल्याला तर कोंबडाच नकोय."

मार्लीस माझ्याकडे बघत राहिली. "मी काय लिहून घेतलंय?"

मी ते वाक्य मनात म्हणून बघितलं: आरवणारा कोणताही पक्षी.

"मोर मीच घातला," ती म्हणाली. "मोराचा काय संबंध होता, नीला? इथे कोणाकडे मोर आहे?"

मी म्हटलं, मग शब्द बदलून घे, अजून एक वाचन आहे. ती म्हणाली, शब्द बदलला की परत पहिल्यापासून. तीन वाचनं पुन्हा. तोवर वर्ष संपणार, रे बेनडिक निवृत्त होणार, त्याच्या जागी येणारा आत्तापासूनच म्हणतोय की कोंबडी म्हणजे उंदरांना आमंत्रण. म्हणजे एक शब्द बदलला तर जुडिथ वाचेलसं वाटत होतं, पण नियमच पडला की तीही जाणार आणि बाकी सगळ्यांच्याही जाणार. पडदेवाल्या खुराड्यासकट.

त्यानंतर हे रोजचंच झालं. उजाडायच्या आधी तिच्या गॅरेजचं दार उघडायचं. मांजराच्या पिंजऱ्यात जुडिथ, वर टॉवेल, पिंजरा मागच्या सीटवर पट्टा लावून, आणि गाडी तळ्याकडे. थंडी पडली की तिथल्या पार्किंगमध्ये पाणपक्ष्यांशिवाय कोणी नसतं. जुडिथची हौस फिटली की परत. मी एकदा सोबत गेले. मार्लीस अजूनही प्रत्येक रेल्वे रुळापाशी गाडी थांबवते, काच खाली करते, कान देते आणि मगच पुढे जाते. शाळेच्या बसला तसा नियमच असतो, आणि तिच्या हाडांत तो मुरलाय. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न मारला. टॉवेलखालून जुडिथने त्याला उत्तर दिलं.

"बघ," मार्लीस म्हणाली, "परत सकाळची फेरी लागली मला. एकच पोर, आणि तेही किंचाळणारं." आम्ही दोघी हसलो, पण तिची बोटं स्टिअरिंगवर सारखी वाजत होती.

तळ्यावर वारा असा की डोळ्यांतून पाणी. जुडिथ पिंजऱ्यातून मान बाहेर काढून आरवत होती, मान वर, छाती पुढे. "बघ कशी उभी राहते," मार्लीस म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं, आणि मला तिचा राग आला आणि कीवही आली.

एका सकाळी परत येताना डेल बाहेर पानं गोळा करत होता. "हल्ली रोज पहाटे कुठे जातेस गं?"

"पोहायला," मार्लीस म्हणाली.

डेलने तिच्या केसांकडे बघितलं. कोरडे होते. मग तो पानं ओढत राहिला.

ते तिला लागलं. त्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात येरझारा घालून घालून माझं डोकं उठवत होती. "तो मला तोंडावर येऊन सांगून गेला. आणि मी म्हणते पोहायला. मला पोहता तरी येतं का?"

"मग सांगून टाक."

"सांगितलं की जुडिथ गेली."

"नाही सांगितलं तर?"

चहा ओतला सिंकमध्ये आणि गेली.

तिसऱ्या वाचनाला पुन्हा सभागृह भरलं. आमच्या बायका छातीवर पिवळ्या कोंबडीचा बिल्ला लावून ओळीत बसलेल्या. डेल माईकपाशी गेला तेव्हा मार्लीसने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

"मला एकच विचारायचंय," तो म्हणाला. "मार्लीसला. तुझ्या अंगणात काही आरवतं का?"

अध्यक्षबाईंनी ताबडतोब हातोडा वाजवला. "मिस्टर स्ट्रॉक, प्रश्न कौन्सिलला विचारायचे. लोकांनी एकमेकांना विचारायचे नाहीत. मिसेस हुडाक, तुम्हाला उत्तर द्यायची गरज नाही."

सुटली, मी मनात म्हटलं. आता फक्त बसून राहायचं होतं. नुसतं बसायचं. आणि तेच तिला आयुष्यात कधी जमलेलं नाही. ती उठली.

"आरवतं," ती म्हणाली. "कोंबडीच आहे, पण आरवते. मी तिला रोज सकाळी गाडीत घालून तळ्यावर नेते. डेल, मी पोहायला जात नाही. मला पोहता येत नाही."

थोडे हसले. बाकीच्यांना हसावं की काय ते कळेना. रे बेनडिक पुढे वाकला. "मॅडम, कोंबडीच असेल तर आपण तो शब्द बदलू शकतो. 'कोंबडा' असं करू."

कौन्सिलच्या वकिलाने मान हलवली. "मग पुन्हा पहिल्या वाचनापासून."

आमची ओळच्या ओळ मार्लीसकडे वळली. पडदेवाली बाई आपल्या मांडीकडे बघत होती. मला त्या सगळ्यांचा संताप आला, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं म्हणून जास्तच आला.

"बदलू नका," मार्लीस म्हणाली. "माझेच शब्द आहेत. ती जाईल."

चार विरुद्ध तीन. नियम झाला. लोक उभे राहिले, मिठ्या मारायला लागले, कोणीतरी रडलं. ज्या बाईला मिठी मारायची ती तोवर पार्किंगमध्ये पोचली होती. मी धावत गेले तर डेल तिच्यापुढे उभा.

"तू खोटं बोललीस म्हणून मी विचारलं," तो म्हणत होता. "कोंबडीसाठी नाही. आता सांगितलंस, संपलं. मी तक्रार करणार नाही. ठेव तिला."

मार्लीसने किल्ल्या ह्या हातातून त्या हातात केल्या. तिला ते हवं होतं. मला दिसत होतं किती हवं होतं.

"तू नाही करणार," ती म्हणाली. "पण उद्या कोणाचा तरी कोंबडा आरवेल आणि तो म्हणेल, हुडाकच्या घरी चालतं ना."

त्या शनिवारी आम्ही जुडिथला घेऊन आत आमिश लोकांच्या, मोटारी न वापरणाऱ्या त्या धार्मिक शेतकऱ्यांच्या, भागात गेलो. योडरबाईंची शेती, घोडागाडी, दोरीवर निळे कपडे, आणि अंगणात चाळीसेक कोंबड्या. मार्लीसने पिंजरा उघडला. जुडिथने बाहेर येऊन पहिल्याच कोंबडीला टोचलं. "जमेल हिला," योडरबाई म्हणाल्या. मार्लीस गाडीत बसून रडली नाही. तिने रिकामा पिंजरा मांडीवर घेतला आणि मला म्हणाली, "आज तू चालव."

वसंत येईतो आमच्या गल्लीत पाच घरी खुराडी झाली. मार्लीस सगळीकडे. हिच्याकडे जाळी ठोकायला, तिच्याकडे आजारी पिल्लू बघायला. पेपर आणि डंपलिंग मांडीवर बसणाऱ्यांतल्या नाहीत. बादली उपडीच होती, तिच्यावर पानं साचली.

मग एक दिवस म्हणाली, "चल, बघून येऊ. आता तिकडे सगळ्यांना उठवत असेल." वाटेत ती इतकी बोलत होती की मला हसू येत होतं. योडरबाईंची आधी माफी मागायची, मग सांगायचं की टॉवेल टाकला की गप्प बसते.

जुडिथ कुंपणाशी माती उकरत होती. अंगावर नवी पिसं आलेली, चांगली भरलेली. मार्लीसने हाक मारली. तिने एक डोळा केला, मग पुन्हा उकरायला लागली.

"फार त्रास देते का आरवून?" मार्लीसने विचारलं.

"ही?" योडरबाईंना कळेना. "ही नाही आरवत."

तेवढ्यात गोठ्याच्या दारातून एक तांबडा कोंबडा बाहेर आला आणि त्याने अशी बांग दिली की माझ्या कानात शिट्टी वाजली. जुडिथने मानही वर केली नाही.

"हा आहे ना," योडरबाई म्हणाल्या. "मग हिला कशाला पाहिजे? आली त्याच आठवड्यात गप्प झाली. आता अंडी घालते. चांगली घालते."

"आणि मी परत नेली तर?"

योडरबाईंनी जरा विचार केला. "तुमच्याकडे नर नाही ना? मग परत ओरडेल. कोणालातरी करावंच लागतं."

येताना मार्लीस चालवत होती. रुळापाशी थांबली, काच खाली केली, कान दिला. गाडी येत नव्हती. तरी ती थांबून राहिली. मागे कोणीतरी हॉर्न वाजवला, मग दुसऱ्याने, आणि शेवटी मी तिच्या दंडाला हात लावला तेव्हा कुठे निघाली.

घरी आल्यावर ती माझ्याबरोबर मागच्या दाराने आत आली. तिचा फोन वाजत होता. पलीकडच्या गावातल्या बायकांना कोंबड्यांसाठी अर्ज टाकायचा होता, त्या आठवडाभर तिच्या मागे होत्या. तिने फोन पालथा ठेवला.

"मला वाटायचं तिला आवडतंय," ती म्हणाली. "मान बघितलीस ना तिची तळ्यावर? मला वाटायचं, हौस आहे हिला."

मी चहाचं आधण ठेवलं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर मार्लीस टेबलाशी बसली होती. कोट अंगात, हात मांडीवर, तिथे काहीतरी ठेवलेलं असावं तसे.

इतकी वर्षं जिला बस बस म्हणत आले, ती बसली होती, आणि मला ते बघवेना. मी तिच्यापुढे कप ठेवला. तिने तो सगळा प्यायला आणि तरी उठली नाही.